भाऊजींच्या सीड्या आणि हेमंतची कबुतरं

मधुभाऊजी गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपवर कळली. सकाळची वेळ, चष्मा अजून डब्यात, आणि ग्रुपवर नेहमीसारखी फुलांची नि सूर्योदयांची रांग लागलेली. मीही सवयीने एक गुलाब टाकून दिला. मग चष्मा लावला, बोटाने वर सरकवलं, तर माझ्या गुलाबाच्या बरोबर डोक्यावर पुतण्याने, हेमंतने, लिहिलं होतं : बाबा आज सकाळी गेले. म्हणजे सख्ख्या दिराच्या मरणाला माझं पहिलं उत्तर काय, तर पाकळ्यांवर चमचम करणारं फूल. भाऊजींना कळलं असतं तर हसता हसता खुर्चीतून पडले असते. ‘वहिनी, जिवंतपणी तं कधी फूल दिलं नाही मले,’ असं म्हणाले असते... पण ते खुर्चीतच गेले होते. समोर कॉम्प्युटर चालू, सीडी राईट करायच्या डब्याचा दिवा लुकलुकत होता म्हणे.

त्याला आता काही आठवडे झाले. दुःख आहेच, ते कुठे जात नाही. पण हा लेख मी दुःखाने लिहायला घेतलेला नाही, रागाने घेतलाय, हे आधीच सांगून मोकळी होते. भेटायला आलेला जो तो म्हणत होता, ‘भाग्यवान माणूस, खाटेवर पडले नाही, कोणाकडून काही करून घेतलं नाही.’ मी मान हलवत होते आणि आतल्या आत दात खात होते. रामदासपेठेत राहणारा माणूस. गॅलरीत उभं राहून जिकडे मान वळवावी तिकडे दवाखान्याची पाटी. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर हृदयाचे डॉक्टर बसतात. ते डॉक्टर तेरवीला जेवायला आले आणि पानावर बसून मला म्हणाले, की मी त्यांना दिवाळीपासून सांगत होतो, भरती व्हा, उशीर करू नका. मी विचारलं, मग ते काय म्हणाले? तर म्हणे, दर वेळी एकच म्हणायचे, ‘बायकोचं जेवण झालं की येतो.’ डॉक्टरांना वाटायचं, गंमत करतात. माझ्या हातातली बुंदीची परात तशीच राहिली. माणसाला जिना चढताना धाप लागत होती, हे डॉक्टरला ठाऊक, चौकीदाराला ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक. आणि थोरल्या वहिनीला काय सांगायचे? ‘मस्त आहे वहिनी. तुम्ही सांगा.’

हे ‘बायकोचं जेवण’ म्हणजे काय, ते सांगायला मागे जावं लागेल.

मी खाप्याहून या घरात थोरली सून म्हणून आले ती बी.ए.चं गाठोडं डोक्यावर घेऊन. कन्हानच्या काठच्या गावातली पहिली बी.ए. पोरगी आपणच, अशी माझी समजूत होती. ती खरी होती की नाही हे मी कधी तपासलं नाही, कारण खोटी निघाली असती तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मधुभाऊजी तेव्हा ओठावर नुकती मिशी फुटलेले, शर्टाची गुंडी नेहमी चुकीच्या काजात. मी त्यांना भोळसट ठरवून टाकलं. पुढे सरकारी कचेरीत कारकून झाले, विमल त्यांची बायको होऊन आली, तीही तसलीच, गाणी म्हणणारी, हसणारी, हिशेबात कच्ची. मी दोघांना एकाच खणात ठेवलं आणि वर ‘साधी माणसं’ अशी चिठ्ठी लावली. स्वतःला मी कुठल्या खणात ठेवत होते विचाराल, तर शोकेसमध्ये. घरात पहिला व्हीसीआर माझ्याकडे आला, तेव्हा मी त्यावर भरतकाम केलेला रुमाल टाकायची आणि कॅसेट लावायच्या आधी आलेल्यांना एक छोटंसं भाषण द्यायची. त्या बाईची आज भेट झाली तर मी तिला दोन गोष्टी ऐकवीन. पण ती ऐकणार नाही. ती फार हुशार होती.

निवृत्त झाल्यावर भाऊजींनी कॉम्प्युटर घेतला आणि सगळ्या नातेवाइकांच्या जुन्या कॅसेटी गोळा करायला निघाले. बुरशी लागून सडतील म्हणे, सीडीवर उतरवून देतो. लोकांनी आनंदाने अडगळ काढून दिली. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती उतरवायला लागते, घाई चालत नाही. हे तिथे बसून पूर्ण लग्न बघायचे, मुंजी बघायचे, कोणी पंगतीत दुसऱ्यांदा बसलं तेही बघून ठेवायचे आणि वर्षांनंतर त्या माणसाला चिडवायचे. पुढे मोबाइल आले तसे व्हिडिओ मोबाइलवरून यायला लागले. पण म्हाताऱ्या माणसांच्या घरी टीव्हीखाली सीडीचा प्लेअरच, आणि प्लेअर भारी मानी. त्याला त्याच्या बोलीतली फाइल दिली तरच बोलणार, नाहीतर पडद्यावर चूक दाखवून गप्प. तेव्हा आलेली प्रत्येक फाइल आधी बदलायची, मग राईट करायची, मग स्वतःच्या प्लेअरवर पूर्ण लावून बघायची, मगच द्यायची. पहिल्या सीडीला त्यांनी काय केलं होतं, माहीत आहे? कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाणवालं चिन्ह दिसतं ना, तेच उचलून सीडीवर टाकलं. फाइल घरात राहिली, सीडीवर नुसता तिचा पत्ता गेला. त्या पोकळ सीड्या यांनी सगळ्या नातेवाइकांना वाटल्या, वर रंगीत कागदाची पाकिटं करून. मला इतका आनंद झाला की मी आठवडाभर सगळ्यांना फोन करून सांगत होते, पाहुण्याऐवजी पत्रिकाच आली मांडवात. भाऊजींनी सगळ्यांकडून सीड्या परत मागवल्या आणि मला म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही सोडून कोणाच्या लक्षात नसतं आलं. कोणी लावूनच पाहिली नव्हती.’ तेव्हा मला ती स्तुती वाटली होती.

त्यात एक कॅसेट कोजागिरीची होती. फार जुनी, त्यांच्या घराच्या गच्चीवरची. आमच्याकडे भुलाबाई बसते, महिनाभर बायापोरी गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा कानाशी हलवायचा, आवाज ऐकायचा, नाव सांगायचं. चुकलं तर सगळ्या हसतात, बरोबर आलं तर पहिला घास तुमचा. त्या कोजागिरीला भाऊजींनी कुठूनतरी खांद्यावरचा मोठा कॅमेरा मागून आणला होता. मधोमध विमल, मोकळ्या गळ्याची, एकेका गाण्याला पुढे होऊन उचलते आहे आणि बाकीच्या मागून धरताहेत. आणि विमल अन् कॅमेरा यांच्या मध्ये, दर थोड्या वेळाने, एक बाई येते. बिनबाह्यांचं पोलकं, चकाकती साडी, केस कापलेले, आणि डोक्यावर गॉगल. कोजागिरीच्या चांदण्यात गॉगल. तिला गाणी येत नाहीत, पण तोंड सगळ्यांत मोठं उघडते. एकदा तर तिने विमलच्या हातातला खाऊचा डबा काढून घेतला, स्वतः हलवला आणि चुकीचं नाव सांगितलं. ती बाई कोण हे सांगायची गरज नाही.

पुढे विमलची आठवण विरत गेली. आधी मीठ दोनदा, मग गॅस चालू, मग एक दिवस स्वतःच्याच दारात उभी राहून भाऊजींना विचारलं, तुम्हाले कोण पाहिजे? सगळं गेलं, गाणी मात्र राहिली. आणि जेवण सोडलं. घास तोंडापर्यंत नेला की ओठ घट्ट. भाऊजींना तेव्हा ती कोजागिरी सुचली. टीव्हीवर सीडी लावली, विमल गच्चीवरच्या विमलबरोबर गायला लागली, आणि गाणं संपून खाऊचा डबा निघाला की यांनी पुढे झाकलेली ताटली धरायची. ‘ओळख बरं, काय आहे?’ ती कान लावायची, म्हणायची, शेव. असायचा वरणभात. ‘बरोबर,’ असं म्हणून हे घास भरवायचे. जे म्हणेल ते बरोबर. वर्षानुवर्षं, दोन्ही वेळा, असं चाललं होतं. मला हे एखाद्या रविवारी गेल्यावर दिसायचं आणि मी म्हणायची, किती गोड. घरी येऊन विसरायची.

त्यातही त्यांची कारागिरी होती. आधीच्या सीडीवर सुरुवातीला गाण्यांच्या नावांची पाटी यायची, ती थांबून राहायची, आपण बटण दाबलं की गाणं सुरू. विमल त्या पाटीला घाबरायची. ‘हे लोक थांबले काहून? बोलत काहून नाही?’ असं म्हणून रडवेली व्हायची. तेव्हा भाऊजींनी सगळं पुन्हा बांधलं. पाटी काढून टाकली. सीडी आत गेली की थेट गाणं, शेवटचं संपलं की आपोआप पहिलं, मध्ये काळा पडदा म्हणून नाही. कोणी विचारणार नाही, कोणी थांबणार नाही. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, ‘भाऊजी, यासाठी इतके दिवस घालवले?’ तर म्हणाले, ‘वहिनी, तिले विचारलेलं चालत नाही आता. उत्तर येत नाही ना, तं ती शरमते.’

त्या रविवारांमधली माझी आवडती गोष्ट विमल मला देत असे. मी शेजारी बसलेली, पांढऱ्या केसांची, गुडघेदुखीची, मला ती ओळखत नव्हती. पण पडद्यावरच्या मला बरोबर ओळखायची. गॉगलवाली आली की माझ्या मांडीवर चापट मारून म्हणायची, ‘पाह्य वं बाई, आली भवानी मिरवाले. हिले कोणी बोलावलं होतं?’ मी म्हणायची, ‘आगाऊच दिसते.’ ती म्हणायची, ‘गळा पाह्य, फाटका बांबू. माझी जेठाणी आहे, काही बोलता येत नाही.’ भाऊजी तोंडात रुमाल कोंबून आतल्या खोलीत पळायचे. चाळीस वर्षं जी गोष्ट जाऊ म्हणून तिला बोलता आली नाही, ती तिने सगळं विसरल्यावर माझ्याच मांडीवर चापट मारून सांगितली. मी तरी काय करणार, बाजू तिचीच खरी होती.

आता रागाकडे येते.

तेरवी झाली आणि हेमंतने घर आवरायला घेतलं. हेमंत वाईट नाही, हे मला लिहावंच लागेल, नाहीतर त्याची बायको हा अंक फ्रेम करून मला पाठवील. नोकरी दिवसभराची, आई अशी, बाप अचानक गेलेला. पण वाईट नसलेली माणसं जे करतात त्याला काय म्हणायचं? त्याने भिंतीवर पातळ, दरवाज्याएवढा टीव्ही लावला. जुना टीव्ही, प्लेअर, कॉम्प्युटर, तारांची टोपली, सगळं कबाडीवाल्याला दिलं. आईला आता काय हवं ते लावता येईल म्हणे, नुसतं बोललं तरी लागतं. आईला नाव घेऊन मागता आलं असतं तर आणखी काय हवं होतं. त्याने इंटरनेटवरची कुठलीतरी भुलाबाई लावली. दुसऱ्या बाया, दुसरा आवाज. एक गाणं झालं की मध्येच साबणाची जाहिरात ओरडत यायची, आणि थोड्या वेळाने तो टीव्ही सगळं थांबवून विचारायचा, तुम्ही अजून बघताय का? विमल भिंतीकडे तोंड करून बसली ती बसली. दिवसभराची ठेवलेली बाई घास धरायची, विमल ओठ मिटून घ्यायची. हेमंतचा मला फोन आला तेव्हा तो अगदी थकलेल्या आवाजात म्हणाला, ‘मोठी आई, डॉक्टर म्हणतात नाकातून नळी टाकू. सोमवारी नेतो.’ मी विचारलं, भुलाबाई लावली का? म्हणाला, लावली ना. मी विचारलं, कोणती? तर म्हणाला, ‘भुलाबाई म्हणजे भुलाबाई, मोठी आई. कोणतीबी तेच असते.’

मी मनीषनगरहून ऑटोने निघाले. घरात पाय ठेवला आणि गॅलरीत काहीतरी चमकताना दिसलं. जवळ गेले. दोरीवर ओळीने, मधल्या भोकातून सुतळी ओवून, भाऊजींच्या सीड्या टांगलेल्या होत्या. वाऱ्याने गरगर फिरत होत्या, भिंतीवर त्यांचे कवडसे पळत होते. त्यांच्या त्या गोल गोल कारकुनी अक्षरातली नावं उलटसुलट होत होती, अमक्याचं लग्न, तमक्याचं बारसं, कोजागिरी... कबाडीवाला सीड्या घेत नाही, आणि कबुतरं फार घाण करतात, म्हणून. मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला हसूच आलं. इतकं अचूक चुकायला मुलगाच लागतो. आणि मग तो राग आला, जो अजून गेलेला नाही. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि कापायला लागले.

‘मोठी आई, काय करून राहिली तू? कबुतरं येतात.’

‘येऊ दे. तुझ्यापेक्षा शहाणी आहेत, घरातलं उचलून बाहेर टांगत नाहीत.’

‘अगं, लावायले प्लेअर कुठे आहे आता? कोण पाहते सीड्या?’

‘तुझी आई पाहते. तिच्यापुरतं एक जग तुझ्या बापाने फिरतं ठेवलं होतं, ते तू कबाड्याला दिलं. हे तुला कोणी म्हणणार नाही, कारण सगळ्यांना तुझी दया येऊन राहिली. मलाही येते. पण मी म्हणते.’

त्याने खाली पडलेली एक सीडी उचलली. मग फार हळू म्हणाला, ‘बाबांनी सांगितलं होतं एकदा, जेवणाची सीडी वेगळी आहे, ध्यानात ठेव. मी फोनवर होतो... हो म्हटलं.’ त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला सुरी खाली ठेवावी लागली. पण विमलची पिशवी मी भरलीच. त्या नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी पिन खोचायची भोकंच नव्हती, आणि माझ्या खोलीत जुना डबा टीव्ही नि प्लेअर दोन्ही शाबूत होते, घरातल्या कोणाचीही ते हलवायची हिंमत नव्हती म्हणून. हेमंत म्हणाला, लोक काय म्हणतील, मुलगा असून आई जेठाणीकडे? मी म्हटलं, लोकांना म्हण, कबुतरांचा त्रास होता. माझ्या सुनेला मी रस्त्यातून फोन केला. विचारलं नाही, सांगितलं. ती बिचारी ‘खोली पुसून ठेवते’ एवढंच म्हणाली. इतकी वर्षं मी तिला जेवढी नावं ठेवली त्यांतली निम्मी त्या दिवशी मागे घेतली.

सीड्या मी पाण्याने धुतल्या. हे भाऊजींनीच शिकवलेलं : पुसताना गोल फिरवायचं नाही, मधून बाहेर सरळ पुसायचं. काहींना उन्हाने नि वाऱ्याने ओरखडे पडले होते. एकेक लावत गेले, विमल पलंगावर भिंतीकडे तोंड करून. एकात कोणाचा तरी वाढदिवस निघाला, एकात लग्नातली पंगत. मग एक हाती आली, तिच्यावर नुसतं ‘विमल, जेवण’ असं होतं. आत सरकवली. पाटी नाही, काही नाही, थेट गच्ची, थेट टिपऱ्या. विमलची मान वळली. ती उठून बसली. ओठ हलायला लागले, आणि मग आवाज आला, बारीक, पण सुरात. मी वरणभात कालवून आणला. पहिलं गाणं संपलं, गच्चीवर खाऊचा डबा निघाला, मी ताटली पुढे धरली आणि म्हटलं, ‘ओळख बरं.’ तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठलीशी विक्रेती आहे. ओठ बंद. मला वाटलं, झालं. आता नळीच.

आणि टीव्हीतून भाऊजी बोलले.

‘विमल, ओळख बरं, आज काय आहे?’

माझ्या हातातला चमचा पडला. पडद्यावर गच्चीच होती, चांदणंच होतं, पण आवाज आताचा होता. म्हाताऱ्या, दमलेल्या भाऊजींचा. जुन्या चित्रावर त्यांनी आपला आवाज चढवून ठेवला होता. प्रश्न विचारून ते थांबले होते, तिला उत्तर द्यायला जितका वेळ लागतो बरोबर तितकं. विमल म्हणाली, ‘शेव.’ आवाज म्हणाला, ‘बरोबर. घास घे.’ आणि तिने तोंड उघडलं. मी घाईघाईने चमचा उचलून कसाबसा घास भरवला. गाणं, मग आवाज : ‘पाणी पी.’ ती प्यायली. गाणं, मग आवाज : ‘चाव नीट, घाई नाही.’ ती चावली. पूर्ण ताट संपेपर्यंत ते तिला जेवू घालत होते आणि मी नुसती वाढपी होते.

ती जेवत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. म्हणजे यांना माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. ताटात काय असेल ते आपल्याला ठाऊक नसेल, म्हणून पदार्थाचं नाव घेतलं नाही. भरवणारा हात कोणाचा असेल ते ठाऊक नसेल, म्हणून कोणाचंही नाव घेतलं नाही. एकेक घास मोजून मध्ये जागा सोडली. नवी फाइल केली, जुन्यावर जोडली, राईट केली, आणि पूर्ण लावून बघितली असणार, ते त्याशिवाय सीडी कोणाला देत नसत. स्वतःच्या मरणानंतरचं बायकोचं जेवण त्यांनी बसून पूर्ण बघितलं. एवढा वेळ होता. एवढं डोकं होतं. मग खाली एक जिना उतरून भरती व्हायला काय झालं होतं? वहिनीला एक फोन करून ‘आठ दिवस विमलला सांभाळा’ म्हणायला काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं का? ... हा प्रश्न मी पुष्कळदा विचारला आहे. त्यांनी मला विचारलं नाही, कारण विमलला जशी उत्तराची लाज वाटू नये म्हणून त्यांनी पाटी काढली, तशी ‘नाही’ म्हणायची लाज बहुतेक मलाही वाटू नये अशी त्यांची इच्छा असावी. या विचाराने मला जास्तच राग येतो. भल्या माणसांनी आपल्याला परीक्षेलाच बसवू नये, यासारखा अपमान नाही.

नळीचा सोमवार टळला. विमल आता माझ्याच खोलीत असते. हेमंत रविवारी येतो. पहिल्या रविवारी त्याने बापाचा आवाज ऐकला आणि दाराशीच खाली बसला. मी त्याला जवळ घेतलं नाही, तेवढं मन अजून मोठं झालेलं नाही. ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. भाऊजी ‘घास घे’ म्हणाले तेव्हा त्यानेही घेतला. दोघं मायलेक एका आवाजावर जेवत होती. मी सुनेला सांगून नातवाकडून त्या सीडीच्या प्रती करून घेतल्यात, एक हेमंतकडे दिली, प्लेअरही कुठूनतरी शोधून आण म्हटलं. त्याने आणला. तो काही वाईट नाही, असं मी वर लिहिलंच आहे.

राग मात्र तसाच आहे, आणि तो रोज जेवणानंतर ताजा होतो. कारण शेवटी भाऊजी म्हणतात, ‘झालं. हात धू,’ आणि मग बहुतेक त्यांना रेकॉर्डिंग बंद करायचं सुचलं नाही, किंवा उठवलं नसेल. गच्चीवर बाया हसताहेत, गॉगलवाली काहीतरी बडबडते आहे, आणि या सगळ्यावर नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. ओढून घेतलेला, तुटणारा, जिना चढून आलेल्या माणसासारखा. थोडाच वेळ. मग पुन्हा पहिलं गाणं. सुरुवातीला मी तो भाग ऐकू नये म्हणून रिमोट घेऊन पुढे पळवायला बघत होते. पण विमल पळवू देत नाही. ती माझ्या हातावर हात ठेवते, कान देऊन ऐकते, आणि पलंगावर आपल्या शेजारची चादर हाताने साफ करते.

‘बसा जरा,’ असं म्हणते. ‘किती दमले तुम्ही.’

आणि मी, इतकी चिडलेली बाई, रोज उशी उचलून जागा करून देते.